पसाभर कोंडा

थांबवा बुवा, मृदंग थांबवा जरा. टाळ खाली. हां!

मंडळी, ऐका. आज काल्याचं कीर्तन. काल्याला बाळकृष्णाच्या लीला सांगायच्या असतात, मला ठाऊक आहे. निम्म्या लोकांचं लक्ष त्या वर टांगलेल्या हंडीकडे आहे, तेही मला ठाऊक आहे! पण मीही बाळाचंच सांगणार. फक्त हे बाळ गोकुळातलं नाही. शहरातलं, तिसऱ्या मजल्यावरचं — लिफ्टमधून वर जाणारं!

त्याआधी एक प्रश्न. नाव हलकं असतं, की हाक हलकी असते?

नको, नको, उत्तर देऊ नका! तुमच्या उत्तरावर माझा विश्वास नाही. देवळात बसून माणूस जे उत्तर देतो ना, ते बाहेर चपला घालेपर्यंतच टिकतं. त्यापेक्षा मी परीक्षा घेतो. एक नाव घेतो, तुम्ही नुसतं ऐका.

नायशा.

कसं वाटलं? गार वाटलं ना? एसीत बसल्यासारखं! अर्थ माहीत आहे? नाही. मलाही नाही. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या! आता दुसरं ऐका.

कोंडाबाई.

हसलात! त्या खांबापाशी हसलात, आणि बायकांत तर पदर तोंडाला गेले! मी विनोद केला होता का? नाही. मी फक्त एक नाव घेतलं. मग हसू कुठून आलं? असू दे. लक्षात ठेवा, हसलात. मी परत विचारणार आहे.

आता हे आपले विणेकरी. यांचं नाव विठोबाअण्णा. अण्णा, मुलाचं नाव काय तुमच्या? — विलास. आणि नातवाचं? — बघा, लाजले! बोला की! — रियांश! आजोबा विठोबा, बाप विलास, नातू रियांश! अण्णा, नातवाला हाक मारता येते का नीट? — "बाळा म्हणतो" म्हणतात! म्हणजे नाव ठेवून काय उपयोग झाला सांगा!

हसण्यावारी नेऊ नका. नावांची एक वाट असते. नवं नाव आधी बंगल्यात येतं. बंगल्यातून फ्लॅटमध्ये. फ्लॅटमधून चाळीत, चाळीतून वस्तीत. आणि ते वस्तीत पोचलं रे पोचलं, की बंगल्यातली माणसं नाक मुरडतात — "शी, हे नाव फारच कॉमन झालं बाई!" लगेच दुसरं शोधायला लागतात. आपल्या अंगावरची साडी विटली की ती भांडीवाल्या बाईला देतात ना? देतात, कौतुकानं देतात. पण नाव नवंकोरं असताना त्या बाईनं आपल्या लेकीला ठेवलं, तर? तर ती चोरी! मी आज तुम्हाला अशाच एका चोरीचं आख्यान सांगतो. फक्त चोर कोण, ते शेवटपर्यंत बघत राहा. माझा तर तुमच्यावरही संशय आहे.

शहरात एक उमाकांत नावाचा गृहस्थ. फर्निचरचं मोठं शोरूम. मूळचा आपल्याच भागातला, सांगलीच्या अंगाचा. बायको ऋजुता, शिकलेली, हुशार. पहिला मुलगा झाला तेव्हा दोघांनी पुष्कळ शोधून नाव ठेवलं — वेदांत. अख्ख्या सोसायटीत वेदांत नव्हता! काय तो आनंद! दोन वर्षं सरली. एक दिवस ऋजुता पोराला कडेवर घेऊन खाली उतरली, तर फाटकासमोर नवा गाडा लागलेला. त्यावर लाल अक्षरात पाटी — "वेदांत पाणीपुरी"!

बिचारीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाणीपुरीवाल्याच्या मुलाचं नाव वेदांत होतं हो! त्याचा काय दोष? त्यालाही ते नाव आवडलं! पण इकडे वाटलं, कुणीतरी आपल्या घरात शिरून काहीतरी उचलून नेलं. चार दिवसांनी वॉचमननं आपल्या पोराला हाक मारली — "वेदांऽऽत!" आणि वर गॅलरीत यांचा वेदांत "ओ!" म्हणाला. संपलं! ऋजुतानं त्याच दिवशी ठरवलं — दुसरं मूल झालं तर त्याचं नाव बारशापर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही.

पुढं मुलगी झाली. नाव ठरलं नायशा. कुठं बोलले असतील हे? बंद गाडीत! काचा वर करून! ऋजुता म्हणाली, "माझ्या आईला सांगू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही." उमाकांत म्हणाला, "आणि माझ्या ताईला?" त्यावर ऋजुता नुसती बघत राहिली. कारण उमाकांतची थोरली बहीण सुलभाताई गावाकडची. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला माहेरचं सगळं सांगून मोकळी होणारी! घरात संशयाची पहिली जागा तिचीच.

पण मंडळी, अडचण बघा. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? — आत्या! मोठ्यानं बोला, तोंडात घुगऱ्या आहेत का? आत्या! आणि आत्यानं कानात जे सांगितलं, ते नाव. सुलभाताईचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. काही ठिकाणी अशा बाईला पाळण्याजवळ येऊ देत नाहीत. या घरानं तेवढं शहाणपण दाखवलं होतं, म्हणाले मान ताईचाच. तिला माहेरात उरलेला मान तो एवढाच. नाव सांगायचा.

मग उमाकांतनं डोकं लावलं. बायकोलाही बोलला नाही. काय केलं? ज्याला त्याला वेगळं नाव सांगितलं! सासूला सांगितलं, "मायरा ठेवतोय, कुणाला बोलू नका." शेजारच्या वहिनींना सांगितलं, "अन्विका, फक्त तुम्हालाच सांगतोय." म्हणजे गावात जे नाव फुटेल, त्यावरून चोर सापडेल! अहो, पोलिसात जायचा हा माणूस, चुकून सोफे विकत बसला!

आणि नेमका तेव्हाच सुलभाताईचा फोन आला. "उमा, नाव काय ठेवतोयस रे? मला सराव करायला पाहिजे." आता हिला कोणतं सांगायचं? ठरवलेली सगळी नावं वाटून झालेली. आठवेना. तोंडात आलं ते बोलून गेला —

"कोंडाबाई!"

बोलला आणि त्याचा त्यालाच घाम फुटला. मग सावरून म्हणाला, "ताई, सध्या मोठमोठ्या घरात जुनी नावं परत आली आहेत. फॅशन आहे."

पलीकडून ताईनं पुन्हा विचारलं, "उमा, नक्की ना?"

"नक्की. पण कुणाला सांगू नकोस."

"नाही रे सांगणार," म्हणाली. आवाज दाटला होता तिचा. उमाकांत मनात म्हणाला, ताईला आवडलेलं दिसत नाही. आता ही गावभर बोंबलणार. बरं झालं, बोंबलू दे, सापडेल! आणि बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी खरं नाव तिच्या कानात सांगू.

मंडळी, माणसाला संशय आला की त्याचे कान बंद होतात का हो? दाटलेला आवाज त्याला ऐकू आला, पण त्यात रडू होतं की राग, हे नाही कळलं.

आला बारशाचा दिवस. फुलांनी मढवलेला पाळणा, फुगे, फोटोवाला. सकाळीच सासूबाईंच्या गावाकडून झबलं आलं, त्यावर विणलेलं — मायरा. शेजारच्या वहिनींच्या मैत्रिणी चांदीचं पदक घेऊन आल्या, त्यावर कोरलेलं — अन्विका! उमाकांत खूश! म्हणजे चिडलेला, पण आतून खूश. संशय खरा ठरला की माणसाला केवढं समाधान होतं, नाही? फक्त कोंडाबाई कुठूनच आलं नाही. त्यानं मनाशी म्हटलं, ताईला ते नाव सांगायची लाज वाटली असणार.

सुलभाताई आली एसटीनं. सोबत एक म्हातारी घेऊन. पार वाकलेली, कष्टाचं काळंभोर अंग, धुवट लुगडं. ताईनं तिला एवढंच सांगितलं होतं, "बारशाला चल." कशाला, का, काही नाही. म्हातारी दारात चपला काढून उभी राहिली. घरात गडबड. उमाकांतनं लांबूनच ताईला हात केला, म्हातारीकडं त्याचं लक्षच गेलं नाही. कुणाला वाटलं, कामाला नवी बाई आली. तिच्या हातात उष्ट्या ग्लासांचा ट्रे दिला. आणि म्हातारीनं ते ग्लास धुतले हो! हाताला सवय. ग्लास धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

तिचं नाव कुणी विचारलं? तुम्ही विचारलं असतंत? बघतोय मी, बघतोय.

इकडं पाळण्याभोवती बायका जमल्या. "आत्या कुठं आहे? आत्याला बोलवा!" आणि उमाकांत कुठं? आतल्या खोलीत, सासूची उलटतपासणी घेत! "मायरा फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, मग झबल्यावर कसं आलं?" सासू म्हणते, "मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं." ते भांडण रंगलं, आणि बाहेर ऋजुतानं ताईला खूण केली — सांगा! तिला वाटलं, नवऱ्यानं ताईला खरं नाव सांगून ठेवलंय.

सुलभाताई पाळण्यावर वाकली. कानात कुर्रर्र केलं. नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाधप गुद्दे घातले. "मोठ्यानं सांगा, मोठ्यानं!" ताई सरळ झाली, डोळे भरलेले, आणि खणखणीत बोलली —

"कोंडाबाई!"

फोटोवाल्याचा हात तसाच वर!

मग एक बाई हळूच म्हणाली, "वेगळं आहे हं! संस्कृत आहे का?" दुसरी म्हणाली, "असणारच. इतकं शोधून ठेवतात ही माणसं." तिसरीनं तर मोबाईल काढून अर्थ शोधायला घेतला! मंडळी, मगाशी मी हेच नाव घेतलं तेव्हा तुम्ही हसलात. तिथं हसलं कोणी? नाही! कारण पाळणा महागाचा होता!

पण ऋजुता पांढरी पडली. "ताई! काय केलंत हे?"

"का गं? उमानंच सांगितलं."

"तो असलं नाव सांगेल? कामवाल्यांची नावं ठेवायला हेच घर मिळालं का तुम्हाला?"

आवाज ऐकून उमाकांत धावत बाहेर आला. सुलभाताई त्याच्याकडं बघून म्हणाली, "उमा, सांग की हिला. तूच म्हणालास ना फोनवर? मला वाटलं, तुला आठवलं."

"काय आठवलं?" ऋजुता म्हणाली.

आणि मग ताईनं सगळ्यांदेखत सांगितलं. नीट ऐका, आख्यान इथं आहे.

ताई म्हणाली, "माझ्या पाठीवरची दोन भावंडं गेली. एक पाळण्यात, एक पाळणा बांधायच्या आधी. मग उमा झाला. आजीनं त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, या घरावर मरणाचा डोळा आहे, हे पोर आपलं नाही म्हणून सांगा. आमच्याकडं भांड्याला कोंडाबाई यायची. आजीनं तिला मागच्या दारी बोलावलं. म्हणाली, पसाभर कोंडा दे आणि पोर विकत घे. तिनं दळणातला कोंडा आणला, सुपात ओतला, आणि उमाला ओटीत घेतला. तेव्हापासून हा तिचा. आजी दारात उभी राहून मोठ्यानं सांगायची, पोर आमचं नव्हे हो, कोंडीचं आहे! मरणाला ऐकू जावं म्हणून. आणि हा जगला. पोर मोठं झालं की ओटी भरून, लुगडं देऊन परत घ्यायचं असतं. ते राहूनच गेलं. आजी गेली, आई गेली, तू शहरात आलास. उमा, तू अजून तिचाच आहेस रे. म्हणून म्हटलं, नातीला आजीचं नाव ठेवतोयस. मी कुणाला सांगितलं नाही. तिला पण नाही सांगितलं. नुसती घेऊन आले."

सगळ्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. म्हातारी धडपडत उठली, दोन्ही हात जोडून.

"नगा, नगा वैनीसाब! लेकराला ह्ये नाव नगा ठिवू. माज्या आईची पोरं जगत न्हवती, म्हनून तिनं ठिवलं. कोंड्याला कोन उचलून न्हेतंय, असं म्हनायची. तुमच्या पोरीला कशाची कमी हाय? ह्या नावाला जल्मात कुनी 'अहो' म्हनलं न्हाई. ए कोंडे, भांडी. ए कोंडे, श्यान. हाक आली की उटायचं. पोरगी ह्या नावानं मोटी झाली तर तिला बी सारकं उटावं लागंल!"

थांबतो इथं. मंडळी, बघा, कोंडाबाईच्या आईचा संशय कसा होता! मरणावर संशय! ते चोर आहे, येईल, उचलून नेईल, म्हणून लेकरावर वाईट नाव पांघरलं. आणि उमाकांतचा संशय बघा. कुणावर? बहिणीवर! ज्यांना ज्यांना नाव सांगितलं त्या सगळ्यांनी फोडलं. एकटीनं राखलं. जिच्यावर सगळ्यात जास्त संशय होता तिनं!

आता उमाकांतला सुटायला वाट होती बरं का. म्हातारी स्वतःच नको म्हणत होती. त्यानं फक्त एवढं म्हणायचं, "ताई, तुझा ऐकण्यात घोटाळा झाला." संपलं! नायशा ठेवून मोकळा! सुलभाताई तेवढी चार माणसांत खोटी पडली असती. पुन्हा या दारात आली नसती. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. — बघा, खाली बघायला लागले!

उमाकांतचं तोंड उघडलं. ताईकडं बघितलं. आणि बोलला, "मी ताईवर डाव टाकला होता. खोटं नाव सांगितलं. कोण फोडतंय ते बघायला."

सुलभाताई म्हणाली, "म्हणजे तुला आठवलं नव्हतं."

"नाही."

ताईच्या हातातून पाळण्याची दोरी सुटली. भावानं चोर समजलं, याचं तिला एवढं लागलं नसतं हो. तो विसरला होता, हे लागलं.

त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं! लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. मग इतकी नावं असताना तोंडात तेच का आलं? मला विचाराल तर नावं जपतं ते काळीज, माणूस नव्हे. पण माझ्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका, पुढं काय झालं ते बघा.

उमाकांतनं पाळण्यातली पोर उचलली. स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. नवीन कुडता घातलेला, तसाच खाली फरशीवर बसला, आणि म्हणाला,

"अहो कोंडाबाई..."

आणि मंडळी, म्हातारीनं मागं वळून बघितलं! मागं कोण मोठी बाई उभी आहे, म्हणून! मागं फ्रीज होता.

"अहो, तुम्हालाच म्हणतोय," उमाकांत म्हणाला. रडत होता. "मला परत कुणी घेतलं नाही. मग मी तुमचाच ना? ही तुमची नात. घ्या हिला."

पोर ओटीत दिली. म्हातारीनं तिला पदरात गुंडाळलं. "आरं उमा," म्हणाली, "मला अहो काय म्हनतोस रं!" सुलभाताई तिच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली, आणि त्या दोघींच्या रडण्यात ते बाळ मात्र मजेत झोपलं!

आता तुम्ही म्हणाल, ऋजुताचं काय? तिचं मन त्या क्षणी पालटलं, असं सांगायची पद्धत आहे. मी सांगणार नाही, कारण मला ते पटत नाही. ती चिडलेलीच होती. म्हणाली, "शाळेत नाव नायशाच राहील." ठीक! आपल्यात पाळण्यातलं नाव एक आणि शाळेतलं दुसरं, हे चालतंच. पण एकदा पोर झोपेना. खेळवून झालं, गाऊन झालं. शेवटी ऋजुता दमून म्हणाली, "अहो कोंडाबाई, झोपा की आता!" आणि पोर खुदकन हसली! लहान मुलांना लाडानं अहो-जाहो करतो ना आपण, तसं. झालं! तेव्हापासून घरात तीच हाक. "अहो कोंडाबाई, दूध प्या. अहो कोंडाबाई, माती खाऊ नका." सणावाराला ती म्हातारी येते. कुणी "अहो कोंडाबाई" म्हटलं, की दोघी वळून बघतात.

आणि नायशा? फार जपलं हो ते नाव. इतकं जपलं की अजून तसंच घडी घालून ठेवलंय, कुणी वापरतच नाही!

आता तुमच्याकडं येतो. मगाशी सांगितलं होतं, परत विचारणार. म्हणा बघू एकदा ते नाव. कोंडाबाई.

हसू आलं? नाही आलं. नाव बदललं का? अक्षर न् अक्षर तेच आहे. मग मगाशी हलकं काय होतं? सांगा की! आता का गप्प?

या मांडवात सकाळपासून एक बाई पत्रावळी उचलतेय. मघापासून मागं भिंतीला टेकून बसलीय. नको, वळून बघू नका! तिला अवघडवू नका. तिचं नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण सकाळपासून तुम्ही सगळे तिला हाका मारताय. त्या हाका मी ऐकल्यात. मी पलीकडच्या खोलीत गंध लावत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

आता आपण नामाचा गजर करणार. करा, जोरात करा. पांडुरंगाला "अरे" म्हणा, "तू" म्हणा, "ये रे" म्हणा, त्याला चालतं, त्याला तर आवडतं! पण गजर संपला, हंडी फुटली, जेवणं झाली, की पत्रावळी उचलायला हाक जाईल. ती हाक कशी जाते, ते ऐकायला मी आज जेवण होईपर्यंत इथंच बसणार आहे. माझा तुमच्यावर विश्वास नाही. मला खोटं पाडा.

धरा टाळ. विठ्ठल! विठ्ठल!